ग्रंथालयाचे मदतनीस : आम्ही काय शिकलो?



सत्राच्या सुरुवातीला प्रार्थनेच्या वेळी एक सूचना वाचली गेली होती. नववी ते अकरावीच्या ज्या विद्यार्थ्यांना शाळेच्या ग्रंथालयात मदत करायची असेल, त्यांनी शनिवारी मधल्या सुट्टीत ग्रंथपाल बाईंना भेटावे. आमच्यापैकी काहीजण वाचनाच्या आवडीने गेलो, काहीजण पंख्याखाली निवांत बसायला मिळेल या आशेने गेलो. पहिल्या दिवशी सर्वांच्या हातात एकच वस्तू पडली, ती म्हणजे धूळ पुसायचे फडके!

वर्षभर काम केल्यावर मात्र लक्षात आले की, ग्रंथालय ही केवळ पुस्तके ठेवण्याची जागा नसून तेथे एक संपूर्ण शास्त्र नांदत असते. अमेरिकेतील अनेक हायस्कुलांमध्ये विद्यार्थी रोज एक तासिका ग्रंथालयात मदतनीस म्हणून काम करतात व त्यांना त्याचे श्रेयांकही मिळतात. आम्हांला श्रेयांक मिळाले नाहीत, पण जे मिळाले ते आपल्या सर्वांना सांगावे म्हणून हा लेख.

खिडकीजवळचे कपाट

या वर्षी आपल्या ग्रंथालयाची यादी संगणकावर घेण्याचे ठरले. हिंदी व इंग्रजीची नवी पुस्तके भराभर यादीत गेली. त्यांच्या मलपृष्ठावर उभ्या काळ्या रेघांची पट्टी असते. त्या पट्टीवर यंत्र फिरवले की पुस्तकाचा क्रमांक आपोआप उमटतो आणि त्या क्रमांकावरून पुस्तकाची बरीचशी माहिती तयार मिळते. राहिले ते खिडकीजवळचे मराठी कपाट. त्यातील बहुतेक पुस्तके आमच्या आजी-आजोबांच्या वयाची. त्यांच्यावर ना पट्टी, ना क्रमांक. काहींची तर पहिली पानेच गळलेली.

बाईंनी आम्हांला परिस्थिती स्पष्ट सांगितली. मार्चमध्ये साठा-तपासणी होईल. तोपर्यंत जी पुस्तके यादीत येणार नाहीत, ती वापरात नसलेली समजून काढून टाकावी लागतील, कारण त्या कोपऱ्यात संगणकाची मेजे यायची आहेत. बाईंचे एक वाक्य आमच्या लक्षात राहिले : "यादीत नाही, ते पुस्तक वाचकाच्या दृष्टीने जगातच नाही."

म्हणजे मराठी कपाट राहणार की रद्दीत जाणार, हे आम्हांला पुस्तकाची नोंद करता येते की नाही यावर येऊन ठेपले. आम्ही कामाला लागलो.

दाखल नोंद : पुस्तकाचा जन्मदाखला

ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची पहिली नोंद दाखल नोंदवहीत होते. तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पृष्ठे, किंमत आणि पुस्तक विकत घेतले की भेट आले, एवढी माहिती एका ओळीत लिहायची. त्या ओळीचा अनुक्रमांक तोच पुस्तकाचा दाखल क्रमांक. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती आल्या तर तीन ओळी व तीन क्रमांक, कारण हरवते ते पुस्तक नव्हे, एक विशिष्ट प्रत हरवते.

यानंतर शिक्का मारायचा. शिक्का शीर्षकपृष्ठावर तर असतोच, शिवाय प्रत्येक ग्रंथालय आतील एक ठरावीक पान निवडते व सर्व पुस्तकांत त्याच पानावर शिक्का मारते. कोणी पहिले पान फाडून पुस्तक आपलेच असल्याचे सांगू लागला, तरी ते आतले पान खरे बोलते. आपले ठरलेले पान कोणते, हे मात्र आम्ही येथे छापणार नाही!

नोंद करताना पहिला धडा मिळाला तो असा की, माहिती मुखपृष्ठावरून घ्यायची नाही, आतील शीर्षकपृष्ठावरून घ्यायची. मुखपृष्ठ हे पुस्तकाचे कपडे आहेत. पुन्हा बांधणी झाली की ते बदलतात. मागील पिढीतील जिल्दसाजांनी आपल्या कपाटातील कित्येक पुस्तकांना एकाच रंगाचे पुठ्ठे चढवले आहेत, आणि एकदोन ठिकाणी तर पुठ्ठ्यावर एक नाव व आत भलतेच पुस्तक निघाले.

तेरा अंकांची ओळख

ज्या नव्या पुस्तकांवर पट्टी असते, त्यांचा क्रमांक तेरा अंकी असतो. यास आंतरराष्ट्रीय प्रमाण पुस्तक क्रमांक म्हणतात. सन २००७ पूर्वी तो दहा अंकी होता. भारतातील पुस्तकांचे क्रमांक साधारणतः ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतात.

यातील शेवटचा अंक राखणदार असतो. पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ व ३ ने गुणून बेरीज करा. ती बेरीज पुढच्या पूर्ण दशकापर्यंत न्यायला जेवढे कमी पडते, तेवढा तेरावा अंक असला पाहिजे. उदाहरणार्थ ९७८-०-३०६-४०६१५-७ हा क्रमांक घेऊ. बेरीज येते ९३. शंभराला ७ कमी आहेत, आणि शेवटचा अंक ७ आहे, म्हणजे क्रमांक बरोबर. लिहिताना एक जरी अंक चुकला तरी हा हिशोब जुळत नाही. आमच्यातील गणित नावडणाऱ्यांनीही हा खेळ घरच्या पुस्तकांवर करून पाहिला. आपणही पाहावा.

वर्गांक : पुस्तकाचा पत्ता

दाखल क्रमांकावरून पुस्तक केव्हा आले ते कळते, पण ते कोठे ठेवायचे ते कळत नाही. त्यासाठी वर्गांक लागतो. मेलव्हिल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली दशांश वर्गीकरणाची पद्धत प्रसिद्ध केली. सर्व ज्ञानाचे त्याने दहा भाग पाडले : ००० सर्वसाधारण ज्ञान (यातच पुढे संगणक आला), १०० तत्त्वज्ञान व मानसशास्त्र, २०० धर्म, ३०० सामाजिक शास्त्रे, ४०० भाषा, ५०० विज्ञान, ६०० तंत्रज्ञान, ७०० कला व क्रीडा, ८०० साहित्य, ९०० इतिहास व भूगोल. प्रत्येक भागाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा, असे पुढे जात राहायचे.

इंग्रजी साहित्याला ड्युईने ८२० हा ऐसपैस वाडा दिला. आपल्या भाषांना मात्र ८९१.४ या एका लहानशा वाड्यात खोल्या मिळाल्या. हिंदी ८९१.४३, बंगाली ८९१.४४, मराठी ८९१.४६, गुजराती ८९१.४७. तक्रार करायला जागा आहे खरी, पण आम्हांला त्यात एक गंमतही दिसली. नया बाजारात जशी मराठी व हिंदी घरे भिंतीला भिंत लावून राहतात, तशीच ही दोन साहित्येही फळीवर शेजारी-शेजारी राहतात.

भाषेच्या अंकापुढे साहित्यप्रकाराचा अंक येतो : १ कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. म्हणजे मराठी कविता ८९१.४६१ आणि मराठी कादंबरी ८९१.४६३. त्याखाली लेखकाच्या आडनावाची अक्षरे लिहायची. भास्कर रामचंद्र तांबे हे आपल्या ग्वाल्हेरचे राजकवी. त्यांच्या कवितासंग्रहाच्या पाठीवर आम्ही ८९१.४६१ आणि खाली 'तांबे' असे लिहिलेली चिठ्ठी लावली. वर्गांक व लेखकाची खूण मिळून जो पत्ता होतो, त्यास बोधांक म्हणतात.

भारतात या शास्त्राचे जनक मानले जातात ते डॉ. शि. रा. रंगनाथन (१८९२-१९७२). ते मद्रासला गणित शिकवीत होते. सन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथील एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचे खेळणे पाहिले. तेच तुकडे निरनिराळ्या रीतीने जोडून निरनिराळ्या वस्तू होतात, हे पाहून त्यांना वर्गीकरणाची नवी कल्पना सुचली व १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध झाली. त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले होते. आमच्या शब्दांत त्यांचा सारांश असा : पुस्तके जपून ठेवण्यापुरती नसतात, ती वापरायची असतात. प्रत्येकाला त्याच्या कामाचे पुस्तक मिळावे. प्रत्येक पुस्तकालाही कोणीतरी वाचणारा मिळावा. वाचणाऱ्याचा वेळ फुकट जाऊ नये. आणि ग्रंथालय हे सतत वाढत राहणारे असते. रंगनाथन यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्या देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

फळी वाचणे

पुस्तके नीट लागली आहेत की नाहीत हे डावीकडून उजवीकडे एकेक बोधांक वाचून पाहणे, याला फळी वाचणे म्हणतात. येथे आम्ही सर्वांनी एकच चूक केली. ८९१.५ हे ८९१.४६ च्या आधी लावले. पाच लहान, सेहेचाळीस मोठे, असा आमचा हिशोब! पण हे दशांश आहेत. .५ म्हणजे .५०, आणि पन्नास हे सेहेचाळीसच्या नंतरच येणार. सहावीत शिकलेला धडा अकरावीत ग्रंथालयाच्या फळीपुढे पक्का झाला.

चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक हे हरवलेलेच पुस्तक असते. म्हणून वाचकांना आमची विनंती अशी की, पुस्तक पाहून झाल्यावर ते परत फळीवर ठेवू नये, मेजावर ठेवावे. जागेवर लावणे हे आमचे काम आहे.

हे पुस्तक कोणत्या घरचे?

काही पुस्तकांनी आम्हांला फार विचार करायला लावला. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' घ्या. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याचे ऐकून वरसईचे हे भटजी उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांची हकीकत १९०७ मध्ये छापून निघाली. आता हे प्रवासवर्णन म्हणून ठेवायचे की इतिहास म्हणून? नाव पाहून आम्ही प्रवासात टाकले. बाई म्हणाल्या, "नावावर जाऊ नका. हे पुस्तक शोधत कोण येईल त्याचा विचार करा." जो येईल तो बहुधा झाशीची व सत्तावनची माहिती शोधत येईल. पुस्तक ९५४ मध्ये, भारताच्या इतिहासात गेले, आणि प्रवासवर्णनाच्या यादीत त्याचे नाव 'पाहा' अशा सूचनेसह राहिले.

मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण तर आम्हांला फारच आवडले. गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १९१७ साली श्योपूर येथे झाला. श्योपूर तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. घरची भाषा मराठी, पण ते हिंदीचे थोर कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीत लिहिले व १९७९ साली त्यांना मराठीसाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे एका घरातले दोन भाऊ, एक ८९१.४३ मध्ये व दुसरा ८९१.४६ मध्ये. ग्वाल्हेरलाच १९१७ मध्ये जन्मलेले प्रभाकर माचवे तर दोन्ही भाषांत लिहीत, त्यामुळे ते एकटेच दोन्ही फळ्यांवर सापडतात. आपल्यासारख्या घरांतून मराठी टिकेल का, असा प्रश्न वडीलधारी मंडळी नेहमी विचारतात. फळीवरचे उत्तर असे आहे की, दोन्ही भाषा एका घरात नांदू शकतात, पण दोन्ही ठिकाणी कोणीतरी पुस्तक उघडले पाहिजे.

मराठी कपाटाची खास कोडी

पहिले कोडे नावांचे. मराठी लेखकांना टोपणनावांची मोठी हौस. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर. मालतीबाई बेडेकर यांनी विभावरी शिरूरकर या नावाने लिहिले. एकाच लेखकाची पुस्तके दोन नावांखाली विखुरली तर वाचकाला अर्धीच मिळतात. म्हणून एक नाव मुख्य ठरवायचे व दुसऱ्या नावापुढे 'पाहा' लिहून तिकडे बोट दाखवायचे. कै., रा. रा., प्रा., डॉ. या उपाध्या नावाच्या क्रमात धरायच्या नाहीत, नाहीतर अर्धे कपाट 'डॉ'मध्येच जाईल!

दुसरे कोडे वर्णानुक्रमाचे. आम्ही शाळेत हिंदी शब्दकोश वापरतो. त्यात 'क्ष' हा 'क'मध्ये व 'ज्ञ' हा 'ज'मध्ये सापडतो. मराठी वर्णमालेत मात्र ह, ळ, क्ष, ज्ञ अशी रांग शेवटी येते व बरेच मराठी कोश तोच क्रम पाळतात. संगणक तिसरेच करतो. तो 'क्ष'ला क आणि ष यांची जोडी समजून 'क'मध्ये बसवतो व 'ळ'ला 'ल'च्या लगेच नंतर ठेवतो. शरच्चंद्र मुक्तिबोधांची 'क्षिप्रा' ही कादंबरी शोधताना आमचा अर्धा तास यातच गेला. शेवटी ठरवले की यादीचा क्रम संगणकाचाच ठेवायचा, आणि छापील यादीच्या अखेरीस 'क्ष, ज्ञ : क व ज मध्ये पाहा' अशी ओळ घालायची. नियम कोणता हे महत्त्वाचे, पण सर्वांनी एकच नियम पाळणे त्याहून महत्त्वाचे.

तिसरे कोडे सनावळीचे. जुन्या मराठी पुस्तकांवर शके असतो, तर आपल्या भागात छापलेल्या पुस्तकांवर कधी कधी विक्रम संवतही आढळतो. शके असेल तर ७८ मिळवावेत, संवत असेल तर ५७ वजा करावेत. शके १८२९ आणि संवत १९६४, दोन्हींचे उत्तर १९०७ येते. ही दोन्ही वर्षे आपल्या जानेवारीत बदलत नाहीत, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत एकाचा फरक पडू शकतो. म्हणून पुस्तकावर छापलेले वर्षही जसेच्या तसे लिहून ठेवायचे.

चौथे कोडे आपल्या गावाचे. आपण मराठीत ग्वाल्हेर लिहितो, हिंदीत ग्वालियर. मराठीत शिंदे, हिंदीत सिंधिया. संगणकात 'ग्वालियर' असे शोधले तर 'ग्वाल्हेर' असे नाव असलेले एकही पुस्तक येत नाही, कारण यंत्राला ती दोन वेगळी गावे वाटतात. म्हणून अशा प्रत्येक पुस्तकाच्या विषयाच्या रकान्यात आम्ही दोन्ही रूपे लिहिली. कृष्णराव शंकर पंडितांच्या घराण्यावरचे पुस्तक शोधायला मराठी आजोबा येवोत की हिंदी माध्यमाची मुलगी येवो, दोघांनाही ते मिळाले पाहिजे.

येथेच आमची मोठी फजिती झाली. सुरुवातीच्या काही शनिवारी आम्ही नोंदी कृतिदेव या जुन्या टंकात केल्या. दिसायला सगळे छान दिसत होते. पण शोधायला गेलो तर काहीच सापडेना. कारण त्या टंकात आत इंग्रजी अक्षरेच असतात, त्यांच्यावर फक्त देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. त्या सर्व नोंदी युनिकोडमध्ये पुन्हा कराव्या लागल्या. नावडते काम दोनदा करावे लागले की धडा कायमचा लक्षात राहतो.

या कंटाळ्याच्या दिवसांत बाईंनी आम्हांला दाते सूचीविषयी सांगितले. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची तयार केली व पुढे १९५० पर्यंतचीही केली. संगणक नव्हता. ग्रंथालयांत जाऊन, पुस्तके हातात घेऊन नोंदी करायच्या असे ते काम होते. आज जुन्या मराठी पुस्तकाचे साल किंवा प्रकाशक कळत नसला की अभ्यासक त्या सूचीकडे वळतात. आमचे तर एकच कपाट होते!

पुस्तकाची प्रकृती

ग्वाल्हेरची हवा पुस्तकांना सोसत नाही. मे-जूनच्या लूमध्ये कागद कोरडा पडतो, पावसाळ्यात ओल धरतो. त्यातून जुन्या स्वस्त कागदात आम्ल असते. ते आतल्या आत कागद खात राहते, म्हणून पाने पिवळी पडून दुमडताच तुटतात. शिवाय कसर आणि वाळवी आहेतच. आम्ही शिकलो ते उपाय साधे आहेत व घरीही करता येतात.

कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नये, चार बोटे अंतर सोडावे. पुस्तके फार घट्ट कोंबू नयेत. अधूनमधून कपाट उघडून हवा खेळू द्यावी, पण पुस्तके कडक उन्हात ठेवू नयेत. सुकवलेला कडुनिंबाचा पाला मलमलच्या पुरचुंडीत ठेवावा. फळीवरून पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढू नये. शेजारची दोन पुस्तके थोडी आत ढकलून मधले पुस्तक मध्यावर धरून काढावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांनी तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो आणि अक्षरेही नेतो. त्याऐवजी पातळ, जवळजवळ पारदर्शक कागदाची पट्टी गव्हाच्या ताज्या खळीने लावावी व वर वजन ठेवून वाळू द्यावे. जिल्दसाज खळीत किडीसाठी मोरचूद घालतात, पण ते विषारी असल्याने विद्यार्थ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

वाचकाशी बोलणे

सर्वांत कठीण कौशल्य हेच निघाले. सातवीतील एक मुलगा आला आणि म्हणाला, "दीदी, राणी लक्ष्मीबाईंवर पुस्तक आहे का?" आम्ही अभिमानाने सर्वांत जाड पुस्तक काढून दिले. तो दुसऱ्या दिवशी न वाचताच परत घेऊन आला. मग बाईंनी त्याला शेजारी बसवून विचारले, कशासाठी हवे, किती दिवसांत हवे, काय माहीत आहे? तेव्हा कळले की त्याला वक्तृत्वासाठी पाच मिनिटांचे भाषण करायचे होते आणि जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला काय घडले, एवढेच हवे होते. फूलबागेजवळची समाधी त्याने पाहिलेली होती, पण तेथे काय झाले ते त्याला सांगता येत नव्हते. त्याला एक छोटे चरित्र व 'माझा प्रवास'मधील काही पाने पुरेशी झाली.

वाचक जे मागतो आणि त्याला जे हवे असते, त्यात पुष्कळदा अंतर असते. ते अंतर एक-दोन प्रश्नांनी भरून काढायचे. मात्र कोणाला काय वाचायला आवडते याची थट्टा करायची नाही आणि कोणी कोणते पुस्तक नेले हे इतरांना सांगायचेही नाही. आपल्याकडे उत्तर नसेल तर 'नाही' म्हणून थांबू नये, पुढची वाट दाखवावी. मराठी विश्वकोश आता महाजालावर विनामूल्य वाचता येतो. भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय विद्यार्थ्यांना खुले आहे. आणि संस्थानकाळापासून चालत आलेले मध्यवर्ती ग्रंथालय आपल्या नया बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर, महाराजवाड्यावर आहे.

कपाटाचे काय झाले?

काम करताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, जिची आम्हांला कल्पना नव्हती. पुष्कळ पुस्तकांच्या पहिल्या कोऱ्या पानावर शाईने काहीतरी लिहिलेले होते. 'शाळेस सप्रेम भेट', 'कै. तीर्थरूपांच्या स्मरणार्थ', 'मुलांनी वाचावे म्हणून'. खाली नाव आणि पत्ता, कोठे नया बाजार, कोठे दौलतगंज, कोठे कंपू. त्यांतील काही आडनावे आमच्या वर्गाच्या हजेरीपटावर आजही आहेत. आमच्यातील एकीला एका पुस्तकावर आपल्या पणजोबांचे नाव सापडले. घरी त्यांचे हस्ताक्षर कोणाकडेच नव्हते. तिने पानाचा फोटो काढून आजीला दाखवला. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अण्णांचा 'ळ' असाच होता."

त्या दिवसापासून आम्ही नोंदीत एक रकाना वाढवला. भेट देणाऱ्याचे नाव व त्याने लिहिलेला मजकूर त्यात जसाच्या तसा लिहितो. असा रकाना कोणत्याही तयार यादीत मिळत नाही. पट्टीवर यंत्र फिरवून तो भरता येत नाही. तो भरायला पुस्तक उघडावेच लागते.

मार्चची तपासणी झाली तेव्हा कपाटातील बहुतेक पुस्तके यादीत आलेली होती. काही वाचवता आली नाहीत, त्यांची पाने हातात घेताच चुरा होत होता. ती कापडात बांधून, नाव लिहून वेगळी ठेवली आहेत. ज्यांच्या जादा प्रती होत्या त्या इतरांना देण्यासाठी बाजूला काढल्या. संगणकाची मेजे आली, पण दुसऱ्या भिंतीला लागली. मराठी कपाट खिडकीजवळच आहे.

येथे लेख संपवला असता तर बरे वाटले असते. पण ग्रंथालयात काम करणाऱ्याने नोंद खरी करावी, हेही आम्ही शिकलो आहोत. कपाट वाचले, पण त्यातील पुस्तके अजून फारशी वाचली जात नाहीत. देव-घेवीच्या नोंदीत मराठीच्या रकान्यात थोडीच नावे आहेत, आणि त्यांतील निम्मी आमचीच! पुस्तकालाही वाचणारा मिळाला पाहिजे, हा रंगनाथन यांचा नियम अजून पुरा व्हायचा आहे, आणि तो आमच्या फडक्याने किंवा संगणकाने पुरा होणारा नाही.

म्हणून पालकांना विनंती की, पुढील पालकसभेस याल तेव्हा दहा मिनिटे ग्रंथालयात यावे. यादीत आपले आडनाव घालून पाहावे. कदाचित आपल्याच घरातून आलेले एखादे पुस्तक तेथे वाट पाहत असेल. ते आपल्या मुलाच्या नावावर न्यावे व रात्री दोन पाने मोठ्याने वाचून दाखवावीत. मुलांना जड शब्द अडले तर अडू द्यावेत.

आणि मित्र-मैत्रिणींनो, आमच्यातील काहीजण आता बारावीत जातील. पुढील सत्रासाठी नवे मदतनीस हवे आहेत. अक्षर सुवाच्य असावे, धुळीचा कंटाळा नसावा आणि दशांश पक्के असावेत, एवढीच अट आहे. शनिवारी मधल्या सुट्टीत बाईंना भेटावे. फडके तयार आहे!

— विद्यार्थी ग्रंथालय मदतनीस